दूध बख्शायचं राहिलं

वऱ्हाडात आजारी माणसाला भेटायला जायची एक रीत आहे. आधी खाटेच्या पायथ्याशी उभं राहून मान हलवायची, मग उशाकडे सरकायचं, तोंड अगदी तोंडाजवळ न्यायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "ओळखलं काय मले?" रोग्यानं ओळखलं तर पाहुणा खूश होतो. नाही ओळखलं तर जास्तच खूश होतो, कारण मग गावात जाऊन सांगायला काहीतरी मिळतं. त्याची केळी खाटेखाली जातात आणि पुढचा पाहुणा पुढं सरकतो.

गुलनारबीची ही परीक्षा सकाळपासून चालली होती आणि ती धडाधड नापास होत होती. मूर्तिजापूरची माणसं बडनेऱ्याला गाडीतून उतरून, ऑटोत कोंबून घेऊन अमरावतीच्या त्या दवाखान्यात येत होती आणि बायकांच्या वॉर्डात तिच्या खाटेला गराडा घालत होती. सगळ्यांत पुढं होती जैबुनखाला, गुलनारबीची सख्खी धाकटी बहीण.

"आपा, ओळखलं काय मले?"

गुलनारबीनं तिच्याकडे पाहिलं. नजर तिच्यावर थांबली नाही, भिंतीकडे गेली.

"कोन तू?"

"अवं, मी जैबुन. तुही बहीन."

"जैबुन तं लहान हाय. तिले अजून बोलता येत नाई."

कुणीतरी हसलं. जैबुनखालाला बोलता येत नव्हतं असा काळ तिथल्या कुणाच्याच आठवणीत नव्हता.

गुलनारबीचा धाकटा मुलगा शाकीब भिंतीला टेकून उभा होता. त्याला सगळं ऐकू येत होतं, दिसत होतं, पण आत काही पोचत नव्हतं. डॉक्टरांनी पाठीत सुई देऊन अम्माचं कमरेखालचं अंग बधिर केलं होतं. अम्माचे पाय त्याच संध्याकाळी जागे झाले. बधिर राहिला तो हा. कुणी चहा दिला की तो प्यायचा, कुणी बस म्हटलं की बसायचा.

गुलनारबीच्या घरात उर्दू होती ती नमाजापुरती आणि लग्नपत्रिकेपुरती. भांडण, सौदा, लाड, सगळं वऱ्हाडीत चालायचं. घर पिंजाऱ्याचं. शेतकरी आपल्या शेतातला कापूस घेऊन यायचा, गुलनारबीचा नवरा तो पिंजून द्यायचा आणि ती गाद्या-रजया भरून टाके घालायची. लेकीला घरच्या कापसाची रजई देण्यात मान होता. मग ती नापिकीची वाईट सालं आली. कापूस वेचला की घराचा उंबरा न पाहता व्यापाऱ्याच्या गाडीत जाऊ लागला, आणि ज्याच्या घरात थोडाफार थांबला त्याच्या घरातलं लग्नच पुढं ढकललेलं असायचं. नवरा वारला. थोरला अब्दुल गफ्फार आईबरोबर पिंजायच्या मशीनपाशी बसून राहिला. शाकीब मात्र अमरावतीला आला आणि त्यानं फोमच्या गाद्यांचं दुकान टाकलं.

गुलनारबी त्या दुकानाची पायरी कधी चढली नाही. शाकीबनं हौसेनं एक फोमची गादी घरी पाठवली, तर तिनं ती बकरीखाली टाकली. बकरीसुद्धा तिच्यावर बसत नाही, हे तिनं फोन करून कळवलं. मायलेकांचं बोलणं म्हणजे असे फोन. ती शिव्या द्यायची आणि तो "हो अम्मा, हो अम्मा" म्हणायचा. तरी फोन चुकला की त्याला दिवस अर्धवट गेल्यासारखा वाटायचा.

मग न्हाणीच्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. शाकीबनंच तिला अमरावतीला आणलं. ऑपरेशन चांगलं झालं. पहिले एक-दोन दिवस ती ठीक होती, म्हणजे सगळ्यांना नावं ठेवत होती. नंतर एका रात्री ती ओरडायला लागली. कापूस पेटला, मशीन बंद करा, पोरं आत हायेत, असं म्हणत तिनं सलाईनची सुई उपसून काढली. पिंजाऱ्याच्या घरात आगीची भीती जन्मापासून असते, ती त्या रात्री सगळी बाहेर आली. वॉर्ड जागा झाला. कुणाच्या तरी नातेवाइकानं विचारलं, "बाईनं औषध घेतलं काय?" खेड्यातून आलेलं माणूस बडबडायला लागलं की त्या सालांत लोकांना दुसरं काही सुचतच नव्हतं. जीव द्यायला फवारणीचं औषध घेतलेली, हातपाय बांधलेली माणसं पलीकडच्या वॉर्डात होतीच. शाकीबची बहीण गजाला आईजवळ राहत होती; तिला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं आईचा एक हात आपल्या ओढणीनं खाटेच्या दांडीला बांधून टाकला.

दुसऱ्या दिवशी शाकीबनं ओळखीच्या औषधवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणल्या. कुणाला विचारलं नाही. अम्माला शांत झोप लागावी, लोकांनी काहीबाही बोलू नये, एवढाच त्याचा हेतू होता. गोळीनं काम केलं. गुलनारबी शांत झाली आणि सगळ्यांनी हुश्श केलं.

शांत झालेल्या माणसाची कुणी चौकशी करत नाही. ती दिवसभर अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पडून राहू लागली. खिचडी गार व्हायची, चहावर साय धरायची. फक्त तिचा मोकळा हात चालू असायचा. अंगठा आणि बोट जुळवून ती चादरीच्या काठावर न दिसणारी सुई खुपसायची, वर काढायची, दोरा ओढायची, पुढचा टाका घालायची. जन्मभर रजया शिवलेला हात तो, त्याला कुणी थांब म्हणून सांगितलंच नव्हतं.

आता वॉर्डातल्या गर्दीत जैबुनखालानं तो हात पाहिला. पदर तोंडाला लावला.

"कफन सिवून राहिली," ती म्हणाली.

त्यानंतर कुणी "ओळखलं काय" विचारलं नाही. निकाल लागला होता. गफ्फार बाहेर गेला आणि एक जीप ठरवून आला. मरण घरी यावं, आपल्या माणसांत यावं, दवाखान्याच्या खाटेवर बेवारशासारखं येऊ नये, यावर सगळ्यांचं एकमत झालं. शाकीबला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यानं मान हलवली असती.

"नेयाच्या आधी दूध बख्शवून घ्या," खाला म्हणाली. "रस्त्यात काही झालं तं?"

आई जाताना लेकरांना अंगावर पाजलेलं दूध बख्शते, म्हणजे माफ करते. ते माफ झालं नाही तर लेकराच्या मानेवर कयामतपर्यंत त्याचं ओझं राहतं, असं पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. शिकलेला असो, अडाणी असो, या गोष्टीला कुणी हसत नाही.

गफ्फार पुढं झाला. दाढीतून आसवं गळत होती. "अम्मा, दूध बख्श."

"हो... हो... जाय," गुलनारबी पुटपुटली. हात चालूच होता.

गजालानं मागितलं. तिलाही "हो, जाय" मिळालं. मग शाकीब वाकला. आईच्या तोंडाला वाळलेल्या मातीचा वास येत होता.

"अम्मा, माह्यं दूध बख्श."

हात थांबला. दिवसभरात पहिल्यांदा तिनं कुणाच्या तरी चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"कोन तू?"

"शाकीब."

"माहा शाकीब आतमंदी गादी भरून राहिला. तू कोन?"

"मीच शाकीब, अम्मा."

"तू फोमवाला," गुलनारबी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी महाग आहे म्हणून सांगावं इतका साधा. "तुले नाई. तुले नाई देत."

आणि तिनं पुढचा टाका घातला.

गजाला घाईनं म्हणाली, "वातात बोलली रे ते." पण जैबुनखालाच्या तोंडाला कुठलं कुलूप? "मरनाच्या वक्ती मानूस खरं बोलते," ती म्हणाली. शाकीबला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आत कुठंतरी एक दार लागल्यासारखं झालं, एवढंच. आईनं त्याला टाकलं होतं, चारचौघांत टाकलं होतं, आणि आता ती मरणार होती. म्हणजे ते तसंच राहणार होतं.

स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट नेतो, असं लिहून द्यायला तो खाली गेला. तिथं डॉक्टर वानखडे मॅडम भेटल्या. वॉर्ड त्यांच्याकडे होता. थकलेल्या होत्या, चहाचा कप हातात तसाच राहिलेला होता.

"कशाला नेऊन राहिले?"

"ते जाऊन राहिली."

"कोणी सांगितलं?"

शाकीबला 'खालानं' असं म्हणायची लाज वाटली. मॅडमनी कप ठेवला आणि जिना चढायला लागल्या.

त्यांनी गर्दी बाहेर काढली. शाकीब आणि गजाला तेवढे राहिले. मग खाटेच्या काठावर बसून त्यांनी गुलनारबीचा हात हातात घेतला. "आजी, मी डॉक्टर वानखडे. तुम्ही अमरावतीला दवाखान्यात आहात. जुम्म्यापासून उलटे वार सांगता काय मला?"

"जुमा..." गुलनारबी म्हणाली. "जुमेरात..." मग अंगठा आणि बोट जुळलं. "सुई दे." आणि डोळे मिटले.

"घरी अशीच होती काय?" मॅडमनी विचारलं.

"घरी?" शाकीब म्हणाला. "पडली त्याच्या आदल्या दिवशी तिनं मले फोनवर शिव्या देल्ल्या. एक शब्द इकडचा तिकडं नाई."

"आणि इथं दिवसभर अशीच असते, की कधी बरी, कधी अशी?"

गजाला म्हणाली, "आज सकाळी मले ओळखलं. बकरीले चारा टाकला काय, इचारलं. मंग दुपारी पुन्ना गेली."

"पाणी किती पिते?"

गजालानं चमचा दाखवला. मॅडमनी गुलनारबीच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. तेव्हा गजालाला रडू फुटलं. अम्मानंच बजावलं होतं. पाणी पाजू नको, पाणी प्यालं की लघवीचं भांडं मागावं लागतं, आणि वॉर्डात हे एवढे परके पुरुष भेटायला येतात. त्यांच्यादेखत चादरीखाली भांडं सरकवण्यापेक्षा तहानेनं मेलेलं बरं. गजालानं आईची आब्रू राखली होती. ओठ ओले करण्यापुरतं पाणी देत होती, आणि आपण आईची सेवा करतोय असंच तिला वाटत होतं.

"चष्मा लावते काय?"

गजालानं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. तीत चष्मा आणि नाकातली चमकी होती. चोरीला जाऊ नये म्हणून ऑपरेशनच्या दिवसापासून जपून ठेवलेली.

"झोपेचं काही दिलं?"

शाकीबनं खिशातून गोळ्यांची पट्टी काढून पुढं केली. मॅडम रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत. पट्टी पाहिली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"तुमच्याकडे याला वात म्हणतात, आम्ही डिलिरियम म्हणतो," त्या ओढणीची गाठ सोडता सोडता म्हणाल्या. "म्हातारं शरीर. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पोटात पाणी नाही, डोळ्याला दिसत नाही, कोणी झोपू देत नाही, वरून ही गोळी. लघवीत जंतूही असतील, ते तपासते. डोकं किती सांभाळेल? आरडाओरडा केला की लोक मला बोलावतात. चूप पडली की कोणी बोलावत नाही, आणि धोका त्यातच जास्त असतो. आमचंही लक्ष जायला पाहिजे होतं, नाही गेलं."

"अम्मा वाचन काय?" गजालानं विचारलं.

"लिहून देत नाही. पण वाचायला पाहिजे. अशी घरी न्याल तर मात्र मरेल, आणि तुम्ही म्हणाल, पाहा, आम्हाला आधीच समजलं होतं."

शाकीबला एकच विचारायचं होतं. "मॅडम, वातात मानूस खरं बोलते काय?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. काय झालं असेल याचा त्यांना अंदाज आला असावा, पण विचारलं नाही. "वातात माणूस बोलतं," त्या म्हणाल्या. "एवढंच मला माहीत आहे."

खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. गफ्फार दारात आला. "शाकीब, चाल. उशीर होते."

"नाई नेत," शाकीब म्हणाला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्या मनात आईची मायाबिया काही नव्हती. माया, दुःख, सगळं बधिर होऊन पडलं होतं. एक हिशेब तेवढा जागा होता. आई आज मेली तर 'नाही' कायमचं राहील. ती जगली तर पुन्हा मागता येईल. लेकानं मायला वाचवायचं कारण एवढं कोरडं असू नये, पण होतं तसं होतं.

"मरनाऱ्याले अडवून ठेवू नाई," गफ्फारच्या मागून खाला म्हणाली. "जीव अटकून राहते."

"राहू दे अटकून."

गफ्फारनं हात जोडून पाहिले, चिडून पाहिलं. शेवटी ठरवलेली जीप रिकामी कशी पाठवायची म्हणून मूर्तिजापूरची सगळी मंडळी तीत बसून परत गेली. जैबुनखाला पुढच्या सीटवर बसली. गफ्फार जाताना म्हणाला, "आता काही झालं तं तुह्यावर." शाकीबनं मान हलवली. त्याच्यावर आधीच इतकं होतं की वाढलेलं कळलंही नाही.

मॅडमनी खाट खिडकीजवळ हलवली. सलाईन सुरू झालं, लघवीत जंतू सापडले, त्याचं औषध सुरू झालं. खाटेभोवती पडदा लागला आणि भांडं पडद्याआड आलं. चष्मा नाकावर चढला. दिवसा डोळा लागू द्यायचा नाही, रात्री दिवा मंद ठेवायचा आणि उठवायचं नाही. हात बांधायचा नाही. दोन वेळा खुर्चीत बसवायचं. शाकीब घरून तिच्या हातची जुनी रजई घेऊन आला, ती पायांवर घातली. न दिसणाऱ्या टाक्यांचा हात त्या रजईवर आला तेव्हा खरे टाके सापडले, आणि तो थोडा वेळ थांबला.

"आणि परीक्षा बंद," मॅडमनी बजावलं होतं. "मला ओळखलं काय, मी कोण, हे विचारायचं नाही. तिला येत नाही आणि ती घाबरते. विचारू नका, सांगा."

पलीकडच्या खाटेवर चांदूर रेल्वेकडची मनकर्णाबाई होती. भाजीवाली, पाय मोडून पडलेली. तिला उठता येत नव्हतं, पण आवाज बाजारात कमावलेला होता. कुणी पाहुणा गुलनारबीकडे वाकला आणि "ओळख..." एवढं तोंडातून निघालं की ती तिथूनच ओरडायची, "अय, इचारू नोको, सांग! डाक्टरीनबाईनं सांगतलं!" पाहुणे दचकून आपलं नाव, गाव आणि नातं सांगून मोकळे व्हायचे.

शाकीब दुकान बंद ठेवून खाटेशी बसला. त्याला सांगायचं काम होतं. "अम्मा, मी शाकीब. तुहा लहान पोरगा. हे अमरावती हाय. तू घरी पडली, हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता सकाळ हाय. हे पानी, घे." चमच्यानं पाणी. थोड्या वेळानं पुन्हा तेच, शाळेतल्या पोरानं पाढा म्हणावा तसं. कधी ती ऐकायची, कधी त्याला जिनिंगवाला शेठ समजून कापूस ओला का दिला म्हणून झापायची. कधी म्हणायची, "तू नोको, माह्या शाकीबले बोलाव." मग तो पुन्हा सुरुवातीपासून म्हणायचा, "अम्मा, मी शाकीब." हे म्हणताना दर वेळी आत काहीतरी खरवडलं जायचं, पण रडू यायचं नाही. गजाला एकदा म्हणाली, "तू दगड झाला रे." त्याला ते पटलं.

तिची शुद्ध लोडशेडिंगच्या दिवसांतल्या लाइटीसारखी यायची आणि जायची. आली म्हणून विश्वास ठेवावा तर गुल. हळूहळू येणं लांबत गेलं, जाणं आखडत गेलं. मॅडम रोज उलटे वार विचारत होत्या. एक दिवस गुलनारबी जुम्म्यापासून उलटी निघून, एकही वार न चुकता, शनिवारापाशी येऊन थांबली आणि म्हणाली, "तुमाले सरळ वार येत नाईत काय, बाई?"

आणि मग ती सकाळ. शाकीब पाण्याचा पेला घेऊन आला तेव्हा गुलनारबी अंगाखालची गादी बोटांनी चाचपत होती. पुन्हा टाके सुरू झाले असं वाटलं. पण ती चष्म्यातून नीट पाहत होती.

"कोनं पिंजली हे?" ती म्हणाली. "गाठीच गाठी. पैसा खाल्ला मेल्यानं."

शाकीबनं तोंड उघडलं. "अम्मा, मी शा..."

"मालूम हाय तू शाकीब हाय. रोज काय पाढा म्हनून राहिला? मीच जनली तुले."

गजाला पडद्याआडून धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. मनकर्णाबाईनं पडल्यापडल्या हात जोडले. शाकीब पेला धरून उभाच राहिला. ज्या गोष्टीसाठी तो बसून होता ती झाली होती, आणि त्याला काही होत नव्हतं. आईनं ओळखलं होतं, चांगलं होतं. पण त्या दिवशीचं 'नाही' तसंच मधे पडून होतं, आणि शुद्धीतल्या माणसाकडे दूध मागायचं तरी कोणत्या तोंडानं?

ते तोंड जैबुनखालानं आणलं. गुलनारबी सुधारली हे कळल्यावर ती गफ्फारला घेऊन आली. उशाशी गेली, सवयीनं वाकली. मनकर्णाबाईनं श्वास घेतलाच होता, पण त्याआधी गुलनारबी म्हणाली, "जैबुन, जरा मांगं सरक. पान खाऊन तोंडावर नोको येऊ."

खाला खुर्चीवर बसली आणि तिच्यानं राहवेना. सगळं सांगून टाकलं. वात, कफन, जीप, आणि गफ्फारला दिलं, गजालाला दिलं, शाकीबला मात्र दूध बख्शलं नाही, तोंडावर नाही म्हटलं, फोमवाला म्हटलं. गजाला डोळ्यांनी खुणावत होती, पण चालत्या गाडीला खुणा दिसत नाहीत.

गुलनारबी ऐकत होती. तिला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. तिनं शाकीबकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर पाहत होता.

"शाकीब, इकडं ये."

तो आला.

"मी तुले नाई म्हनलं?"

"हो."

"मंग तू काय केलं?"

"काई नाई."

"यानंच जीप वापस पाठवली, अम्मा," गजाला म्हणाली. "नाई तं आमी तुले घेऊन चाललो होतो."

गुलनारबीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. पोराचा चेहरा तिनं सावकाश पाहून घेतला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"बरं केलं मी," ती म्हणाली. "नाईच म्हनाले पायजे होतं."

शाकीब हलला नाही.

"दूध कोन मांगते? ज्याची माय जाऊन राहिली तो मांगते. मी जाऊन राहिली काय?"

"नाई."

"मंग? आज बख्शलं का तू मोकळा. उद्या कायले येशीन मूर्तिजापुराले?" तिनं मान वळवली. "गफ्फार, तुलेही हो म्हनलं म्हनते ना मी? ते वापस. ज्यानं जीप बोलावली त्याचं तं पयले वापस."

गफ्फारनं मान खाली घातली. गुलनारबीनं शाकीबचं मनगट धरलं. बोटं सुयांनी टोचून टोचून खरबरीत झालेली, आणि आता गरम.

"तू मांगत जाय," ती म्हणाली. "फोमवाला तं फोमवाला. जुम्म्याच्या जुम्म्याले येऊन मांगत जाय. मी नाई म्हनत जाईन. ज्या दिवशी हो म्हनीन ना, त्या दिवशी बोलाव जीप."

ऑपरेशनच्या संध्याकाळी अम्माच्या पायांत जाग आली ती मुंग्या येत, दुखत दुखत आली होती. ती तेव्हा विव्हळली होती. शाकीबला तसंच झालं. तो खाटेच्या काठावर बसून सगळ्यांसमोर, मनकर्णाबाईसमोर, खालासमोर, लहान पोरासारखा रडायला लागला. आई मेली असती, हे त्याला आता कळलं. आई मेली असती आणि तो खाली जाऊन सही करून आला असता.

गुलनारबीनं त्याला रडू दिलं. मग मनगट सोडलं.

"झालं. आता पानी दे," ती म्हणाली. "पेला भरून दे. अन् गजाला, पडदा लाव, मंग भांडं लागन."